डीफेनबंकर, कार्प: अणुयुद्धासाठी बांधलेल्या सरकारी तळघराची पाहणी

कॅनडाची राजधानी ओटावा येथून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर गेल्यावर कार्प नावाचे गाव लागते आणि त्या गावाच्या कडेला, शेतजमिनीच्या शेजारी, डीफेनबंकर हे शीतयुद्धाचे संग्रहालय आहे. बाहेरून पाहणाऱ्याला पत्र्याची एक पांढरी शेड आणि गवताने झाकलेला उंचवटा यापलीकडे फारसे काही दिसत नाही. त्या उंचवट्याखाली मात्र सुमारे एक लाख चौरस फूट क्षेत्रफळाची चार मजली काँक्रीटची इमारत पुरलेली आहे. अणुयुद्ध पेटलेच तर पंतप्रधान, गव्हर्नर जनरल, मोजके मंत्री, सनदी अधिकारी आणि लष्करी अधिकारी अशा ५३५ जणांनी इथे उतरावे आणि बाहेरून कसलाही पुरवठा न घेता ३० दिवस देशाचा कारभार चालवावा, या हेतूने ती १९५९ ते १९६१ या काळात बांधण्यात आली. १९९४ पर्यंत तिथे लष्कराचा पहारा होता. १९९८ पासून तिकीट काढून कोणालाही आत जाता येते.

शीतयुद्धातल्या ज्या गुप्त सरकारी वास्तू आज लोकांसाठी खुल्या आहेत, त्यांपैकी एकच पाहायची असेल तर मी कार्पचे नाव घेईन. याहून कितीतरी मोठी तळघरे जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये आहेत, आणि याहून नाट्यमय कथा असलेले तळघर अमेरिकेत आहे. कार्पचे मोल वेगळ्या कारणाने आहे. संकटाच्या वेळी कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, याचा सरकारने शांतपणे, कागदावर हिशोब करून घेतलेला निर्णय इथल्या खोल्यांच्या मांडणीतून, खाटांच्या संख्येतून आणि दारांच्या जाडीतून जवळजवळ शब्दशः वाचता येतो. कोणत्याही संग्रहालयाने आपल्याला काय द्यावे, असे विचारले तर माझे उत्तर हेच असेल, आणि या कसोटीवर ही जागा पुरेपूर उतरते.

ही इमारत का बांधावी लागली, हे समजून मगच आत जावे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने आर-७ या आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच जातीच्या अग्निबाणाने स्पुटनिक अवकाशात नेला. सोव्हिएत भूमीवरून अमेरिकेकडे जाणारा सर्वांत जवळचा हवाई मार्ग उत्तर ध्रुवावरून, म्हणजेच कॅनडाच्या डोक्यावरून जातो. त्यामुळे युद्ध कोणाचेही असले तरी कॅनडाची त्यातून सुटका नव्हती. १९५८ मध्ये पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने देशभर आणीबाणीची सरकारी मुख्यालये बांधण्याची योजना हाती घेतली. नोव्हा स्कोशियातले डेबर्ट, क्यूबेकमधले व्हॅल्कार्टिये, मॅनिटोबातले शायलो, ब्रिटिश कोलंबियातले नानाइमो अशा ठिकाणी प्रांतिक केंद्रे उभी राहिली आणि त्या सर्वांचे मध्यवर्ती केंद्र कार्प येथे आले. आधी निवडलेल्या आल्मोंटजवळच्या जागेत खणताना भूजलाने इतका त्रास दिला की ती सोडून द्यावी लागली, आणि मग कार्पजवळची वाळू-खडी काढून सोडून दिलेली एक खाण पसंत करण्यात आली. बांधकामाची सूत्रे लेफ्टनंट कर्नल एडवर्ड चर्चिल यांच्याकडे होती. हेच गृहस्थ पुढे मॉन्ट्रियलच्या ‘एक्स्पो ६७’ या जागतिक प्रदर्शनाच्या बांधणीमागेही होते.

गुप्ततेसाठी या प्रकल्पाला लष्कराच्या संदेशवहनाचे एक प्रायोगिक केंद्र असे साधे, कोणाचे लक्ष जाऊ नये असे नाव देण्यात आले. ते फार काळ टिकले नाही. ‘टोरंटो टेलिग्राम’ या वृत्तपत्राचे जॉर्ज ब्रिंटन यांना या बांधकामाचा संशय आला. त्यांनी विमानातून जागेचे छायाचित्र मिळवले आणि सप्टेंबर १९६१ मध्ये, काम पुरते संपण्याआधीच, वृत्तपत्राने ते छापले. मथळ्यात एक आकडा होता: ७८ बाथरूम. मला या बातमीतली पत्रकारिता फार मोलाची वाटते, कारण तिने कोणतेही गोपनीय कागद फोडले नाहीत. संदेशवहनाच्या केंद्रात काम करणाऱ्या थोड्याशा जवानांना ७८ बाथरूम लागत नाहीत, एवढा साधा विचार त्या वार्ताहराने केला आणि तिथे शेकडो माणसे राहायला येणार आहेत हे वाचकांपुढे ठेवले. विरोधकांनी पंतप्रधानांच्या नावावरून ठेवलेले ‘डीफेनबंकर’ हे टोपणनाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसले, आणि आज संग्रहालयाच्या पाटीवर तेच आहे.

आत शिरल्यावर पहिली गाठ पडते ती बोगद्याशी, आणि माझ्या मते या भेटीतला हा सर्वांत बोलका भाग आहे. शंभर मीटरहून अधिक लांबीची, पन्हळी पोलादी पत्र्याची ही गोल नळी जमिनीखालून जाते. सरकारी तळघराचे प्रवेशद्वार म्हणजे बोगद्याच्या शेवटी एक अजस्र दार असेल, अशी आपली समजूत असते. इथे तसे नाही. हा बोगदा दोन्ही टोकांना उघडा ठेवलेला आहे आणि तळघराची दारे त्याच्या बाजूच्या भिंतीत, काटकोनात बसवलेली आहेत. स्फोटाने निर्माण होणारी दाबाची लाट एका टोकाने आत शिरावी आणि दारांवर थेट न आदळता दुसऱ्या टोकाने निघून जावी, हा त्यामागचा विचार होता. बोगद्याच्या मध्यावर उभे राहून मागे वळून पाहिले की उजेडाचे वर्तुळ लहान झालेले दिसते आणि पुढे बाजूला ते दार असते. त्या दोन गोष्टींमधल्या अंतरात अभियंत्यांनी केलेला सगळा हिशोब सामावलेला आहे. भाषणातून किंवा चित्रफितीतून जे कळायला वेळ लागला असता, ते इथे चालता चालता कळते. हिवाळ्यात या बोगद्यात चांगलाच गारठा असतो, त्यामुळे कोट आत जाईपर्यंत काढू नये.

जाड पोलादी दारे ओलांडली की निर्जंतुकीकरणाच्या नव्हे, तर किरणोत्सारी धूळ धुऊन काढण्याच्या खोल्या लागतात. हल्ला झाल्यानंतर जो कोणी बाहेरून येईल त्याने अंगावरचे कपडे उतरवावेत, शॉवरखाली उभे राहावे, उपकरणाने तपासणी करून घ्यावी आणि मगच पुढे जावे, असा क्रम होता. खोली साधी आहे, फरशा पुसून ठेवलेल्या आहेत, आणि तरीही इथे पावले मंदावतात. दिल्लीची किंवा लंडनची असो, सरकारी कचेरीत शिरताना आपण नाव लिहितो आणि ओळखपत्र दाखवतो. इथे मात्र आत घेण्याआधी माणसाच्या त्वचेचीच झडती होणार होती.

इमारतीची रचना समजून घ्यायची इच्छा असेल तर खांबांकडे लक्ष द्यावे. जमिनीतून वर येणारे हे काँक्रीटचे खांब छताजवळ पोहोचताना छत्रीसारखे पसरतात, कारण वरच्या मातीचे आणि स्फोटाच्या दाबाचे ओझे त्यांना छताच्या मोठ्या भागातून गोळा करून खाली उतरवायचे होते. पायाखाली आणि चहूबाजूंनी खडीचा जाड थर भरलेला आहे, जेणेकरून जमिनीला बसलेला धक्का थेट काँक्रीटला न लागता खडीत जिरावा. इमारतीसाठी सुमारे ५,००० टन पोलाद लागले. पाच मेगाटनांचा (म्हणजे पन्नास लाख टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा) बॉम्ब १.८ किलोमीटरवर फुटला तरी ती उभी राहावी, असे तिचे गणित होते. हिरोशिमावर पडलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, हे आठवले की पाच मेगाटन म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून अधिक शक्ती, हा आकडा मनात नीट उतरतो. खडीचा आणखी एक उपयोग होता: आणीबाणीत बाहेर पडण्याची वाटही खडीनेच भरून ठेवलेली होती, म्हणजे गरज पडली तर आतल्यांनी ती खडी आत पाडून वाट मोकळी करायची.

यापुढचे बहुतेक मजले ज्यांना थरारक काही पाहायचे आहे त्यांना साधे वाटतील. टंकलेखनाची यंत्रे, दूरमुद्रक, नकाशे लावलेल्या भिंती, लाकडी खुर्च्या, जेवणाचा मोठा हॉल, दवाखाना, संगणकाची खोली. मला मात्र हाच या जागेचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. जगाचा शेवट होत असतानाही सरकार म्हणजे शेवटी कागद इकडून तिकडे नेणारी माणसे, आवक-जावक नोंदवणारे कारकून, स्वयंपाकी आणि जनित्राचे तेल तपासणारे मेकॅनिक, हे इथे लपवलेले नाही. १९६२ पासून पुढची बत्तीस वर्षे शंभराहून अधिक कर्मचारी दिवसरात्र पाळ्यांमध्ये इथे कामाला होते आणि त्यांचे खरे काम संदेशवहनाचे होते. कॅनडाच्या लष्करी संदेशजाळ्यातले हे एक महत्त्वाचे ठाणे होते. युद्ध कधी झाले नाही, तरी हवा गाळणारी यंत्रणा, पाणी आणि वीज अखंड चालू ठेवावी लागली. या लोकांनी इथे घालवलेल्या वर्षांची दखल घेतली जाते, याबद्दल संग्रहालयाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

आता कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, त्या निर्णयाकडे येतो. पंतप्रधानांसाठी राखलेली खोली पाहण्याआधी इतरांच्या झोपण्याच्या खोल्या पाहाव्यात. बहुतेकांच्या वाट्याला एकावर एक रचलेल्या खाटा होत्या आणि त्याही स्वतःच्या नव्हत्या. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीने त्याच अंथरुणावर पडायचे, अशी व्यवस्था होती. स्वतंत्र खोली मोजक्याच पदांना होती. पंतप्रधानांच्या दालनातही थाटमाट नाही. एक टेबल, एक बिछाना, स्वतंत्र बाथरूम, आणि शेजारी सचिवाची जागा. तो बिछाना एकट्या माणसाचा आहे. तिथे थोडा वेळ थांबावे असे मी सुचवीन, कारण या इमारतीत कोणत्याही पदाच्या माणसाला पत्नी, पती किंवा मुलांना बरोबर आणण्याची परवानगी नव्हती, आणि देशाच्या प्रमुखालाही त्यातून सूट नव्हती. पत्नी ऑलिव्ह यांना सोबत नेता येणार नसेल तर आपण तिथे जाणार नाही, असे डीफेनबेकर म्हणाल्याचे सांगितले जाते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या उंबरठ्यावर आले तेव्हाही ते ओटावातच राहिले.

या नियमाची कारणे प्रशासनाच्या दृष्टीने समजण्यासारखी आहेत. जागा मर्यादित होती, अन्नपाणी आणि हवा मोजून ठेवलेली होती, आणि प्रत्येक खाटेवर कारभाराला लागणारे माणूसच असावे, हे गणित होते. पण कागदावर बरोबर असलेले गणित माणसांना पेलवेल का, हा प्रश्न इथे उभे राहिल्याशिवाय त्याच्या पूर्ण वजनासह समोर येत नाही. बोलावणे आल्यावर बायकोमुलांना घरी सोडून, तीस किलोमीटर गाडी चालवत या शेताकडे किती अधिकारी खरोखर आले असते? आणि जे आले असते त्यांच्या हातून पुढचे तीस दिवस कोणते काम झाले असते? शासनसंस्था टिकवण्याच्या योजना आखणाऱ्यांनी खडीच्या थराचा विचार जितक्या बारकाईने केला, तितक्या बारकाईने याचा विचार केलेला दिसत नाही, आणि मला हा या योजनेचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

हा दोष ठळक होतो तो सर्वांत खालच्या मजल्यावर. मजल्यांना वरून खाली ४००, ३००, २०० आणि १०० असे क्रमांक आहेत. १०० क्रमांकाच्या मजल्यावर बँक ऑफ कॅनडाची तिजोरी आहे. देशाचा सुवर्णसाठा युद्धकाळात सुरक्षित राहावा म्हणून ती बांधली गेली. तिचे दार पाहिल्यावर वरच्या मजल्यांवरच्या दारांची आठवण फिकी पडते. आतली खोली मोठी, उंच आणि कोरी आहे, आवाज घुमतो, आणि चहूबाजूंना काँक्रीट. सोने इथे कधी आणले गेले नाही. तरी योजनेत सोन्यासाठी जागा होती आणि कुटुंबांसाठी नव्हती, हे सत्य त्या रिकाम्या खोलीत टाळता येत नाही. युद्धानंतर चलन पुन्हा उभे करायचे तर त्यामागे काहीतरी हवे, हा अर्थशास्त्राचा युक्तिवाद मला मान्य आहे. पण ज्यांनी ते चलन वापरायचे ती माणसे उरली नाहीत तर त्या सोन्याचे मोल काय, याचे उत्तर योजनेत नव्हते.

मग बाहेर राहिलेल्या लोकांसाठी काय योजले होते? याचा एक धागा रेडिओच्या स्टुडिओत सापडतो. सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेसाठी तळघरात एक छोटा आणीबाणीचा स्टुडिओ ठेवलेला आहे. पंतप्रधानांनी किंवा निवेदकाने इथून बोलायचे आणि देशात ज्यांच्याकडे चालू स्थितीतला रेडिओ असेल त्यांनी ते ऐकायचे. याच काळात सरकारने बचावाच्या ११ पायऱ्या सांगणारी पुस्तिका लोकांमध्ये वाटली होती आणि घराच्या तळघरात किरणोत्सारी धुळीपासून आसरा देणारी खोली स्वतः कशी बांधावी याचे आराखडेही प्रसिद्ध केले होते. नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘टॉक्सिन बी’ नावाचा देशव्यापी सराव झाला, भोंगे वाजले आणि हल्ला झाल्याची कल्पना करून यंत्रणा राबवण्यात आली. म्हणजे ५३५ जणांसाठी सरकारने चार मजले बांधले आणि उरलेल्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकांना स्वतःचे तळघर स्वतःच मजबूत करण्याचा सल्ला दिला. संग्रहालयात जाताना हा आकडा सोबत न्यावा. इमारत आपल्याला फक्त आतल्यांची गोष्ट सांगते. बाहेरच्यांची गोष्ट प्रत्येक दालनात आपल्यालाच उभी करावी लागते, आणि ती केली तरच इथल्या वस्तूंना अर्थ येतो.

तळघराने आपले काम केले असते का, हाही प्रश्न परीक्षणात यायलाच हवा. तांत्रिक बाजूने पाहता उत्तर फारसे आशादायक नाही. बॉम्बफेकी विमाने उत्तरेकडून येणार असतील तर रडारच्या साखळीमुळे काही तासांची सूचना मिळाली असती आणि ओटावातून गाड्यांचा ताफा कार्पला पोहोचला असता. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला मात्र सोव्हिएत भूमीवरून उत्तर अमेरिकेत पोहोचायला सुमारे अर्धा तासच लागतो. सूचना मिळणे, तिची खात्री होणे, माणसांना बोलावणे आणि तीस किलोमीटरचा प्रवास, हे सगळे त्या अर्ध्या तासात बसत नाही. शिवाय जागेचे छायाचित्र वृत्तपत्रात येऊन गेल्यावर ती शत्रूला ठाऊक नव्हती असे मानण्यात अर्थ नव्हता, आणि नेम धरून सोडलेल्या क्षेपणास्त्रापुढे १.८ किलोमीटरचे गणित कोलमडते. म्हणजे जिच्यासाठी ही वास्तू बांधली ती परिस्थिती वास्तू पूर्ण होता होताच बदलून गेली होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेम्ल्या बेटांवर सुमारे ५० मेगाटनांचा स्फोट केला. कार्पच्या तळघराचे काम त्याच वर्षी संपत आले होते. तळघर कार्यरत असताना तिथे येऊन गेलेले एकमेव पंतप्रधान म्हणजे पिएर ट्रुडो. ते १९७६ मध्ये आले आणि त्यानंतर तळघराच्या खर्चाला कात्री लागली.

यावरून ही जागा निरुपयोगी होती असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. संदेशवहनाचे ठाणे म्हणून तिने तीन दशके नेमून दिलेले काम केले. शासन एका बॉम्बने नाहीसे होऊ नये ही चिंताही खोटी नव्हती; ज्या देशाचे नेतृत्व एका क्षणात नष्ट होऊ शकते, त्याच्यावर पहिला घाव घालण्याचा मोह शत्रूला अधिक होतो, हा तत्कालीन युक्तिवाद आजही गंभीरपणे मांडला जातो. मात्र या दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून इमारत जशी आहे तशी जपणे आवश्यक होते, आणि ते जवळजवळ राहून गेले असते. लष्कराने १९९४ मध्ये ठाणे बंद केल्यावर बरेचसे सामान काढून नेण्यात आले. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाल्यानंतर गावातल्या लोकांनी पुढाकार घेऊन, स्वयंसेवकांच्या बळावर, १९९८ मध्ये संग्रहालय सुरू केले आणि खोल्या पुन्हा सजवल्या. त्यामुळे आज दिसणारी प्रत्येक वस्तू पहिल्यापासून त्याच जागी होती असे समजू नये. काही दालने जपलेली आहेत आणि काही पुन्हा उभी केलेली आहेत. एखादी खोली फार आवडली तर तिथले काय मूळचे आणि काय नंतर आणलेले, हे तिथल्या मार्गदर्शकाला जरूर विचारावे. पोलाद, काँक्रीट, खांब, बोगदा आणि तिजोरी यांच्याबाबत मात्र असा प्रश्नच उरत नाही.

अशा इतर जागांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर या आलिशान हॉटेलखाली अमेरिकी संसदेसाठी असेच तळघर बांधले होते. मे १९९२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये टेड गप यांनी ते उजेडात आणेपर्यंत, सुमारे तीस वर्षे, दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या नावाखाली सरकारी माणसे त्याची देखभाल करत होती. त्याची कथा कार्पपेक्षा रंगतदार आहे, पण तिथली सहल हॉटेलच्या शिस्तीत, मार्गदर्शकाच्या मागोमाग करावी लागते. जर्मनीत बॉनजवळ आरवाइलर येथे जुन्या रेल्वे बोगद्यांत पश्चिम जर्मनीच्या सरकारसाठी १७ किलोमीटरहून अधिक लांबीचे, सुमारे ३,००० जणांचे तळघर होते. त्यातला बहुतेक भाग नंतर उखडून रिकामा करण्यात आला आणि सुमारे २०० मीटरचा तुकडा २००८ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे. इंग्लंडमध्ये कॉर्शमच्या दगडखाणींत ४,००० जणांसाठी जवळजवळ भूमिगत शहरच वसवलेले होते. या सर्वांमध्ये आपल्या गतीने, आपल्या मनाप्रमाणे थांबत, एक संपूर्ण मुख्यालय वरच्या दारापासून तळाच्या तिजोरीपर्यंत पाहण्याची मुभा कार्प जशी देते तशी क्वचितच मिळते. माझ्या पसंतीचे हे दुसरे कारण.

भेटीची आखणी करणाऱ्यांसाठी काही सूचना. आवारात पाहायचे फार काही नाही. सगळा वेळ जमिनीखाली जातो, आणि तो कमीत कमी अडीच-तीन तासांचा धरावा. ऑडिओ गाइड घेऊन स्वतः फिरता येते, पण मार्गदर्शकाबरोबरची फेरी मिळत असेल तर ती आधी करावी आणि मग आवडलेल्या खोल्यांत एकटे परत जावे. चार मजल्यांची चढउतार आहे, खिडकी एकही नाही आणि काही ठिकाणी मार्ग अरुंद आहेत, त्यामुळे बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी बोगद्यातच स्वतःचा अंदाज घ्यावा. तिथून मागे फिरणे सोपे असते. मुलांना यंत्रे, बटणे आणि बोगदा यांत रस वाटतो. आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना ही जागा कशासाठी होती हे सरळ सांगूनच आत न्यावे, कारण शॉवरच्या खोलीत ती विचारणारच, आणि तिथे उभ्या उभ्या अणुबॉम्ब समजावून सांगणे कठीण जाते. वेळ अगदीच कमी असेल तर यंत्रांची दालने आणि कचेऱ्या सोडून द्याव्यात. बोगदा, पाळीने वापरायच्या खाटा, पंतप्रधानांची खोली, रेडिओचा स्टुडिओ आणि शेवटी तिजोरी एवढे याच क्रमाने पाहावे, आणि त्यातही घाई करावी लागली तर ती तिजोरीपाशी करू नये.